दक्षिणेची भिंत

इस्पितळातून घरी आल्या आल्या नोरीनने आधी काय केलं असेल, तर स्वीट पी या फुलवेलीचं बी भिजत घातलं. कमरेचं हाड मोडलेलं, काखेत कुबडी, पण उद्या संत पॅट्रिकचा दिवस होता ना! चर्चची पायरी ती वर्षानुवर्षं चढली नव्हती, तरी त्या दिवशी बी मातीत गेलं नाही असं बॅलरॅटच्या त्या घरात कधी झालं नव्हतं. त्यातून हे बी लॉर्कनचं, तिच्या नवऱ्याचं. जन्मभर त्याने हा गडद जांभळा वाण राखला. तो गेला आणि उंदरांनी डबा फोडला. उरलं ते एवढंच, मूठभरसुद्धा नाही. हे रुजलं नाही तर वाण संपला.

"नोरीनबाई, बाहेर या! डोळे मिटून या!" शेजारच्या क्लाइव्हने हाक मारली. नाताळच्या सुमारास तो इंग्लंडहून मुलीकडे कायमचा राहायला आला होता.

"कुबडीवर आणि डोळे मिटून? दुसरं हाडही मोडायचंय का रे माझं?"

बाहेर येऊन पाहते तर काय! नवाकोरा वाफा, मेंढ्यांचं खत, वर चुन्याची भुकटी, आणि वेलींसाठी सळ्या वाकवून केलेल्या हिरव्या कमानी. ती इस्पितळात असताना या माणसाने एकट्याने हे सगळं केलं होतं.

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. कमानी घराच्या दक्षिणेला होत्या. तिथे हिवाळाभर शेवाळ आणि गोठलेलं दंव. गप्प बसावं तर बी कुजणार, बोलावं तर या भल्या माणसाचं तोंड उतरणार. पण बी भिजलेलं होतं, आता थांबता येत नव्हतं.

"क्लाइव्ह, अरे बाबा, इथे ऊन येत नाही रे."

"अहो, दक्षिणेची भिंत म्हणजे उन्हाची! लहान मूलही सांगेल."

"कुठलं मूल? तुमच्या इंग्लंडचं! इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो."

क्लाइव्ह मटकन वाफ्याच्या काठावर बसला. "तुमची वाट लावली मी."

"गप्प बस! माझ्यासाठी इतकं कोणी केलंय आजवर? जागा चुकली, माणूस नाही चुकला."

समोरची बेव्ह ढकलगाडी घेऊन आलीच. "काय पाहुणे, सूर्य हरवला म्हणे तुमचा?" तिने हसून हसून त्याला लाजवलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याबरोबर माती ओढली. कमानी घराच्या उत्तरेच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

सकाळी नोरीनने वाफ्याशेजारी खुर्ची टाकली. निम्मं बी क्लाइव्हने तिच्या सांगण्याप्रमाणे लावलं. उरलेलं तिने त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुझ्या बागेत."

"छे हो! लॉर्कनने सख्ख्या भावालासुद्धा दिलं नव्हतं, तुम्हीच सांगितलंत."

"म्हणूनच सगळं एका डब्यात राहिलं आणि उंदरांचं फावलं. मी काही अमरपट्टा घेऊन आलेले नाही, क्लाइव्ह. वाण राखायला माझ्यामागे कोणीतरी हवं, आणि ते मला मिळालं. फार उपकार झाले बघ तुझे."

मूठ घट्ट मिटून क्लाइव्ह आपल्या बागेत गेला. आधी मान वर करून सूर्य कुठे आहे ते त्याने नीट पाहिलं, आणि मगच खुरपं हातात घेतलं.