तासभर पुढे ढकललेले घड्याळ

मी एक जुना संगणक आहे. कॉव्हेंट्रीतल्या अलकाताईंच्या फुलांच्या गोदामात, टेबलाखाली, रिकाम्या खोक्यांशेजारी मला ठेवले आहे. माझी कीव करू नका. करायचीच असेल तर माणसांच्या अकलेची करा.

मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा अलकाताईंनी मला हळदकुंकू लावले होते. पाहुण्यांना त्या अभिमानाने सांगत, "हा आमचा मुनीम!" परदेशातून येणाऱ्या झेंडूचे विमान इथे किती वाजता उतरेल ते मी काढायचो आणि नेमक्या वेळी विमानतळावरच्या तपासणी कार्यालयाला कळवून तपासणीची पाळी मिळवायचो. तपासणीशिवाय एक पाकळीसुद्धा बाहेर येत नाही.

आता घड्याळाचे ऐका. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटी घड्याळे तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी मागे घेतात. झेंडू पिकवणारा तो देशही तसेच करी. हे नियम माझ्या पोटात असतात. गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर तिथल्या सरकारने ठरवले, यंदा घड्याळ मागे घ्यायचे नाही! ठरवायला एक बैठक पुरली. जगभरच्या संगणकांना हे कोण शिकवणार, एवढा विचार करायला मात्र त्या थोरांना सवड नव्हती. जुन्या नियमाने मी तिथले घड्याळ मागे गेले असेच धरणार, आणि विमान खऱ्यापेक्षा तासभर उशिरा येईल असे काढणार.

नव्या नियमांची छोटी फाइल लगेच निघाली. अलकाताईंनी दिराला बोलावले. शशिधरराव घरातले कॉम्प्युटरतज्ज्ञ. एकदा त्यांनी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला होता.

"भावजी, ही फाइल घालायची म्हणे. इथल्या मराठी मंडळाची पहिलीच दिवाळीची ऑर्डर आहे. चुकली तर प्रमोदिनीताई पुन्हा दारात उभं करणार नाहीत."

"फाइल-बिइल कशाला, वहिनी? विमान ह्याच्या हिशेबापेक्षा तासभर आधी येणार ना? मग ह्याचं घड्याळच तासभर पुढे करतो. आपल्या घरच्या लाउंजमधलं भिंतीवरचं नाही का, दहा मिनिटं पुढे असतं?"

"आणि तरी तुम्ही सगळीकडे उशिराच पोचता."

ते हसले आणि त्यांनी माझे घड्याळ सरकवले.

मित्रांनो, भिंतीवरचे घड्याळ फक्त घरच्यांना फसवते. मला जगाशी बोलावे लागते. विमान उतरले, मी संदेश पाठवला. कार्यालयातल्या संगणकाने त्यावरची वेळ पाहिली. जी वेळ अजून आलीच नाही, तिचा संदेश खरा कसा मानायचा? त्याने तो फेकून दिला. मीही तेच केले असते. पाळी गेली. दिवाळीच्या गर्दीत दुसरी मिळेपर्यंत झेंडू खोक्यांतच काळा पडला.

मंडळाच्या अध्यक्ष प्रमोदिनीताईंनी खोके उघडून नाकाला पदर लावला. "राहू दे, अलका. पुढच्या वर्षीपासून कागदी तोरणं लावू. ती सडत नाहीत."

अलकाताईंनी खोके पुन्हा बंद केले. शशिधररावांना मात्र कारण सापडले होते. "मशीनच म्हातारं झालंय, वहिनी."

म्हणून मी टेबलाखाली आलो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मंत्री झाले तर नियम खुशाल बदला, पण वर्षभर आधी सांगा. आम्हाला शिकायला वेळ लागतो, आणि आम्हाला शिकवणाऱ्यांना त्याहून जास्त. आणि जे कळत नाही ते सरकवू नका, विचारा.

काल नवा संगणक आला. अलकाताईंनी त्यालाही हळदकुंकू लावले. शशिधरराव पुढे सरसावले. "घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतो. सवय चांगली असते."

अलकाताईंनी त्यांच्या हातातून माऊस काढून घेतला. "भावजी, तुम्ही प्रिंटरकडे बघा हो."

प्रिंटरमध्ये काहीही अडकलेले नव्हते. तरी ते तासभर तिथे रमले, आणि तेवढ्यात अलकाताईंनी नव्या नियमांची फाइल स्वतः घातली.