टोकाची वाळू

"मी कुणाच्या वस्तूला हात लावत नाही," हे सासूबाईंचं ब्रीद. मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली, तेवढ्यात सुनेला ते पाठ झालं होतं. वाक्य खोटं नव्हतं. एकच अपवाद होता आणि तो सासूबाई सोयीस्करपणे विसरल्या होत्या.

सून भूगर्भशास्त्रज्ञ. एका इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात तिला हत्तीची दाढ सापडली, जवळजवळ दगड झालेली. दाढेला काही वय विचारता येत नाही, म्हणून तिने दाढेच्या वरच्या आणि खालच्या थरात लोखंडी नळ्या ठोकून वाळू काढली. वरची नळी थेट प्रयोगशाळेत गेली. खालची निघेपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप लागलं, म्हणून ती काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी आली आणि ओट्याखाली राहिली. पुढच्याच आठवड्यात खड्डा काँक्रीटने भरला.

नळी घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सून बाहेर गेली होती. ओट्याखालून चिखलाचं पाणी झिरपत नुकत्याच पुसलेल्या फरशीवर आलं. सासूबाईंनी नळी उचलली. टोकाची चिकटपट्टी सुटायला आली होती, ती त्यांनी पुरती सोडवली आणि चार बोटं ओली वाळू चमच्याने खरवडून काढली. सिंकमध्ये दूध करपलेलं पातेलं पडलं होतं. मूठभर वाळूने पातेलं लख्ख झालं! इतकी बारीक वाळू टाकून देण्याइतक्या त्या उधळ्या नव्हत्या. उरलेली एका बरणीत गेली. नळीतला खळगा त्यांनी समोरच्या बांधकामाच्या ढिगातल्या वाळूने भरला, नवी चिकटपट्टी लावली, प्लास्टिक होतं तसं गुंडाळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीन महिन्यांनी सून जेवायच्या टेबलाशी डोकं धरून बसली.

"आई, खालची वाळू वरचीपेक्षा तरुण निघतेय. म्हणजे आजी नातवापेक्षा लहान!"

"मशीन बिघडलं असेल."

"तीनदा मोजलं. वाळू गाडली गेली की अंधारात आजूबाजूच्या मातीतले किरण तिच्यात साठत जातात. उजेड लागला की सगळं रिकामं. पाण्याची टाकी समजा. टाकी किती भरली ते मोजायचं, नळ वर्षाला किती वाहतो ते मोजायचं, भागाकार केला की वय. टाकी ठीक आहे, नळच फार जोरात वाहतोय."

"हा नळ मोजता कशावरून?"

"टाकी मोजायला नळीच्या मधली वाळू लागते, उजेड न पाहिलेली. नळ मोजायला टोकाची चालते. तिला उजेड लागला तरी बिघडत नाही."

सासूबाईंच्या हातातला चमचा ताटात पडला.

"मग आता गं?"

"आता काय! थर विस्कटलेले होते असं सोमवारी लिहून द्यायचं आणि दाढ कपाटात ठेवायची. सगळी मेहनत पाण्यात. माझंच चुकलं असणार. मला साधे थर वाचता येत नाहीत."

गप्प बसलं तर जन्मात कुणाला कळणार नव्हतं. सासूबाईंनी तसं बसूनही पाहिलं. सून डोळे पुसत ताटं उचलायला लागली, तेव्हा मात्र त्यांना राहवेना. पोरगी स्वतःला मूर्ख म्हणत होती आणि मूर्खपणा कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं. त्या उठल्या, सिंकखालची बरणी काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"ही तुझी. नळीतली. नळीच्या टोकाला आहे ती समोरच्या ढिगातली."

सुनेला कळायला थोडा वेळ लागला. वाळूला उजेड लागू नये म्हणून लाल दिव्याच्या खोलीत तिने नळी उघडली होती आणि तिथे सगळ्या वाळूचा रंग एकच दिसतो.

"तीन महिने, आई! तीन महिने मी स्वतःला..." ती आत गेली आणि दार आपटलं. सासूबाई बरणीपाशी बसून राहिल्या. आपल्याला चांगलं सुनावलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सुनेने बरणीतली चिमूट बोटांत चोळून पाहिली.

"हिला साबण लागलाय?"

"छे! कोरड्या चमच्याने काढते मी."

महिनाभराने आकडा आला. नळ मंदावला आणि खालची वाळू वरचीपेक्षा चांगलीच म्हातारी ठरली. दाढेचं वय दोघींच्या मध्ये नीट बसलं. सून घरी आली तीच हसत. रात्रीची भांडी न घासताच ती अहवाल लिहायला बसली.

"आई, नमुन्याचं काय झालं ते खरं लिहावं लागेल. 'घरातल्या एका व्यक्तीकडून टोकाची वाळू बदलली गेली', असं लिहू?"

सासूबाई पातेलं घासत होत्या, साध्या साबणाने.

"घरातली व्यक्ती कशाला? लोक म्हणतील, हिनेच केलं असेल. सासूने हात लावला, असं स्पष्ट लिही."