आठ नोंदींची बेरीज

दादा तिला चिडवायचा, "तू जमिनीची नाडी बघतेस, पण औषध काही देत नाहीस!" तो खाणीतला मुकादम आणि त्याची ही धाकटी बहीण लहरींवरून जमिनीचं पोट ओळखणारी. काम ऐकायला भारी, करायला निव्वळ हमाली. जमिनीचे हादरे टिपणारे जिओफोन मातीत खुपसायचे, लोखंडी तबकडीवर घण घालायचा आणि परत आलेल्या लहरींवरून खडक कुठे, पोकळी कुठे ते सांगायचं. एक घाव आजूबाजूच्या गोंगाटात हरवतो, म्हणून आठ घाव घालून आठ नोंदींची बेरीज करायची. घणाची लहर प्रत्येक नोंदीत एकाच जागी येते, ती ठसठशीत होते. बाकीचं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं. पंधरा वर्षं तिचं यंत्र बेरजेवरच लावलेलं होतं.

खाणीचं छत कोसळलं. पाळी संपवून सगळे वर आले होते, मागे एकटा दादा राहिला होता. दोन बोगद्यांपैकी कुठल्या बोगद्यात, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पश्चिमेच्या बोगद्यावर तिने जिओफोन मांडले. पंप बंद केले, माणसं श्वास रोखून उभी राहिली. दुपारी एकदा आणि साडेचारला पुन्हा एकदा तिने खालून काही आवाज येतो का ते ऐकलं. पडद्यावर सरळ रेघ होती. "इथे नाही तो," ती म्हणाली आणि खोदायचं यंत्र पूर्वेला गेलं.

तिसऱ्या दिवशी तो पश्चिमेला सापडला. दगड पडताक्षणीच गेला असणार, असं खाणीच्या साहेबांनी घरच्यांना सांगितलं.

आठवड्याने अहवालासाठी तिने नोंदी उघडल्या. वर लिहिलं होतं, 'आठची बेरीज'. यंत्र सुट्या नोंदीही जपून ठेवतं. तिने एकेक पाहिली. तीन ठोके, मग खंड, पुन्हा तीन ठोके. खालच्या माणसाला यंत्राचा ताल कसा कळावा? प्रत्येक नोंदीत ठोके वेगळ्याच जागी पडले होते आणि बेरजेत झिजून सपाट झाले होते. घणाशिवाय ऐकताना बेरीज बंद करायची असते, हे तिच्या हाताखालची पोरंसुद्धा जाणत होती.

"सवयीने झालं," नोंदी बघून साहेब म्हणाले. "आता घरच्यांना सांगून काय तो परत येणार आहे?"

दोन दिवस गेले. मग ती दादाच्या घरी गेली. वहिनी त्याचे शर्ट घड्या करून पिशवीत भरत होती.

"बसा वन्सं," वहिनी म्हणाली. "ते लगेच गेले, हाल झाले नाहीत, एवढ्याच आधारावर उभी आहे बघा मी."

अजूनही गप्प बसता आलं असतं. तिला खरंच गप्प बसावंसं वाटलं.

"लगेच नाही गेला, वहिनी," ती म्हणाली. "ठोकत होता तो. मला ते दिसलं नाही. माझी चूक झाली." आणि बेरजेचं सगळं तिने सांगून टाकलं.

वहिनीने हातातल्या शर्टाची बाही सरळ केली.

"किती वाजेपर्यंत?"

"साडेचारला होता. त्यानंतर मी ऐकलंच नाही."

"मी पाचला घरी आले," वहिनी म्हणाली. "मी त्या पश्चिमेच्या बोगद्यावरून हलत नव्हते. तुम्हीच म्हणालात, तो इथे नाही, घरी जा, मुलीला दोन घास भरव."

हे ती साफ विसरली होती.

"त्यांच्या वरच उभी होते हो मी," वहिनी म्हणाली, "आणि निघून आले."