बावड्याच्या घरातले जुने ग्राफिक्स कार्ड

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर तुम्ही जे पाहता, ते रंगवण्याचे काम माझे. पळणारी गाडी, नवरीच्या शालूची जर, ओला डांबरी रस्ता, सगळे आधी माझ्याकडे येते आणि मग तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते. दिसायला मी एखाद्या जाड पुस्तकाएवढा आहे. अंगावर दोन पंखे आणि एका कडेला सोनेरी दात. ते दात संगणकात नीट बसले की मी कामाला लागतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी कोल्हापुरात आलो, तो राजारामपुरीतल्या राजवर्धनच्या घरी. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. मला हातात घेण्याआधी त्याने हात धुऊन कोरडे केले होते. संध्याकाळी त्याचे मित्र जमायचे, गेम लावायचे आणि म्हणायचे, "कसलं पळतंय बघ की." ते ऐकून मला बरे वाटायचे. राजवर्धन अधूनमधून ब्रशने माझी धूळ काढायचा. पुढे त्याला बंगळूरला नोकरी लागली, कंपनीने लॅपटॉप दिला आणि त्याने मला विकून टाकले.

नंतरचे दिवस कागलकडच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तिथे माझ्यासारखी अनेक कार्डे लोखंडी मांडणीवर रांगेने बसवलेली होती. चित्र काढायचे काम नव्हतेच. इंटरनेटवरची आभासी नाणी मिळवण्यासाठी आम्ही न थांबता गणिते सोडवत होतो. उन्हाळ्यात वरून पत्रा तापायचा आणि खालून आम्ही. आमच्याकडे कोणी बघत नसे. एखादे कार्ड बंद पडले की ते उपसून दुसरे लावायचे, एवढाच आमचा आणि माणसांचा संबंध. माझ्या एका पंख्यात धूळ शिरली आणि तो खरखरू लागला. पुढे त्या धंद्यात काही राहिले नाही. मालकाने शेडला कुलूप लावले आणि आम्हाला पोत्यात भरून शाहूपुरीत विकले.

तिथे गुरुसिद्ध यांचे जुन्या संगणकांचे दुकान आहे. त्यांनी मला पोत्यातून काढले, फुंकर मारली, पुसले आणि फळीवर ठेवले. गिऱ्हाईक यायचे, किंमत विचारायचे आणि माझ्या अंगावरचे ओरखडे बघून पुढे सरकायचे. शेजारी एक रंगीत दिव्यांचे कार्ड होते. सगळे आधी त्यालाच हात लावायचे.

एके दिवशी दुपारी अनुजा दुकानात आली. ती कसबा बावड्याची. लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ घरी बसून जोडून द्यायचे हा तिचा व्यवसाय. तिने नवा कॅमेरा घेतला होता, पण त्याचे चित्रण तिच्या संगणकाला पेलत नव्हते. काम रखडू लागले होते. पन्हाळ्याच्या एका कुटुंबाने तर वाट बघून आपले चित्रण परत नेले होते. आता शिरोळच्या एका लग्नाचे काम हातात होते. तेही उशिरा गेले असते, तर तिला पुन्हा कोणी काम दिले नसते.

तिच्यासोबत तिचे सासरे गणपतराव होते. त्यांनी उभी हयात ट्रक चालवण्यात घालवली होती. वर्षापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरांनी स्टेअरिंग कायमचे सोडायला सांगितले. तेव्हापासून ते घरात गप्प बसून असत. नातेवाइकांकडे एकदा त्यांना संगणकावर ट्रकचा गेम खेळायला मिळाला होता. त्या दिवशी ते जेवताना बोलले, हसलेसुद्धा. अनुजाने ते पाहिले होते. म्हणून तिला असे कार्ड हवे होते, ज्यावर तिचे काम होईल आणि मामांचा ट्रकही पळेल. नवे कार्ड परवडणारे नव्हते.

गुरुसिद्ध यांनी दिव्यांचे कार्ड आणि मला, दोघांना काउंटरवर ठेवले. किंमत दोघांचीही जवळपास सारखीच होती.

"ह्याची मेमरी आठ जीबी, त्येची चार," मला उचलून दाखवत ते म्हणाले. "व्हिडिओ जोडायला मेमरी लागती, ताई. दिव्यांनी काय व्हत न्हाई."

"हे आधी कुठं होतं?" अनुजाने माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

गुरुसिद्ध यांनी हातातले फडके खाली ठेवले. मग म्हणाले, "खोटं सांगत न्हाई. कागलकडं शेडमधी होतं. नाण्यांच्या मशीनला जुंपलेलं."

अनुजाने हात मागे घेतला. मला वाटले, संपले. पुन्हा फळीवर.

"आणि हे दुसरं?"

"घरातलं हाय म्हणून सांगितलंय इकणाऱ्यानं. मी काय बघितलेलं न्हाई. दोन्ही चालवून बघा की. मला घाई न्हाई."

अनुजाने पिशवीतून हार्ड डिस्क काढली. त्यात शिरोळच्याच लग्नाचे चित्रण होते. आधी दिव्यांचे कार्ड लावले. सुरुवातीला सगळे झकास चालले. थोड्या वेळाने ते तापले आणि नवरीच्या चेहऱ्यावर हिरवे ठिपके उमटू लागले. मग पडदाच काळा झाला. गुरुसिद्ध यांनी ते काढले आणि बाजूला ठेवले.

"गेलं हे. हे आता इकायचं न्हाई," ते म्हणाले.

मग मला बसवले. मित्रांनो, किती तरी काळाने माझ्यासमोर माणसांची चित्रे आली. अक्षता, हळद, वरातीतली तोंडे. मी जीव लावून रंगवत गेलो. अनुजा पडद्याच्या एका कोपऱ्यात माझे तापमान बघत होती. ते चढले आणि एका जागी स्थिर राहिले. ठिपके आले नाहीत. तेवढा पंखा मात्र खरखरत होता.

"पंखा वाजतोय," अनुजा म्हणाली.

"दोन्ही पंखे नवे घालून देतो. आतली उष्णता वाहून न्यायची पेस्ट बी बदलतो. पंधरा दिवसांत काय झालं तर घेऊन या, पैसे परत. पर एक सांगू काय ताई? तुम्ही सांगितलासा त्यावरनं तुमच्या घरचा पॉवर सप्लाय, संगणकाला वीज पुरवणारा डबा, हलका हाय. त्यावर हे लावू नका. वायरीला वायर जोडून चालवाल चार दिवस, आणि मग सगळंच जाळून बसाल."

हा खर्च अनुजाने धरला नव्हता. ती पाकिटातल्या नोटा पुन्हा मोजू लागली. तेव्हा इतका वेळ स्टुलावर बसलेले गणपतराव बोलले.

"ते इस्टेरिंग राहू दे."

अनुजा चमकली. "कुठलं स्टेअरिंग, मामा?"

"गेमला लावायचं. माझ्यासाठी घेणार हुतीस न्हवं? फोनवर इचारत हुतीस कुणाला तरी. मी म्हातारा झालोय, बहिरा न्हाई."

"तुम्हाला ते हवं होतं पण."

"मला कशाला? मी आपला तुझ्यासंगं आलोय." आणि ते गुरुसिद्ध यांच्याकडे वळले. "पावणं, बांधा ते. आणि तो सप्लाय चांगल्यातला द्या."

असा मी बावड्याला आलो. नव्या पंख्यांनी मला मोकळा श्वास घेता येऊ लागला. शिरोळचे काम वेळेत गेले. नवरीच्या आईने फोन करून सांगितले, "आमची पोरगी लई गोड दिसायलीया." अनुजाने आभार मानले आणि तिच्याच ओळखीतले पुढचे काम घेतले. माझे नाव त्या फोनवर निघाले नाही. निघत नसते. चित्र चांगले दिसले की ते कोणी रंगवले हे कोणी विचारत नाही, आणि मला त्याचे काही वाटत नाही.

काम आटोपले की संध्याकाळी अनुजा खुर्ची मोकळी करते आणि गणपतराव बसतात. पहिल्या दिवशी कीबोर्डावर त्यांची बोटे चुकत होती. ट्रक कठड्याला घासला, उलटा वळला. पण चढण लागली तेव्हा त्यांनी खांदे असे पुढे घेतले, की मला कळले, हा माणूस आता खुर्चीत नाही.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी बाळाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले.

"रातीचं असंच दिसतंय व्हय?" त्यांनी विचारले. "निस्ता अंधार, आणि म्होरं दिव्यापुरता रस्ता?"

"असंच."

"आणि तुम्ही एकटं?"

"किलींडर असायचा की. पर तो झोपायचा."

लग्न होऊन चाळीस वर्षे झाली, पण नवऱ्याच्या ट्रकमध्ये बाळाबाई एकदाही बसल्या नव्हत्या. त्यांच्या वाट्याला फक्त दारातून गाडी निघाल्याचा आवाज येत होता. त्यांनी हळूच दुसरी खुर्ची ओढली आणि डाव्या बाजूला, क्लीनरच्या जागी, बसल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना तिच्या दिव्यांवर जाऊ नका. ती कुठे होती ते विचारा, समोर चालवून बघा, आणि कोणी खरे सांगितले तर त्या खऱ्याला किंमत द्या. घरी आणल्यावर तिला मोकळी हवा द्या, पुरेशी वीज द्या, अधूनमधून धूळ झाडा. आम्ही जास्त काही मागत नाही. शेडमध्ये मी किती नाणी मिळवली, मला ठाऊक नाही. आता माझ्यासमोर रोज एक रस्ता असतो आणि त्या रस्त्याकडे बघणारी दोन माणसे.

"डुलकी लागली तर उठवशील काय?" गणपतराव विचारतात.

"बघा तुम्ही म्होरं," बाळाबाई म्हणतात. "मी जागी हाय."