धक्क्याची माणसं

बबन भोईरची जीप रोज सकाळी सहा जण मिळून चालू करायचे. जीप त्याच्या अंगणात उभी असे आणि अंगण रस्त्यापेक्षा बरंच खाली. सेल्फ मारला की बॉनेटखालून नुसती कटकट यायची आणि थोड्या वेळानं तीही थांबायची. मग सहा जण मागून खांदे लावत, जीप चढावरून डांबरी रस्त्यावर आणत आणि तिथून पळत ढकलत सुटत. बबन दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडी. जीप गचका खाई, मागच्यांच्या तोंडावर काळा धूर सोडी आणि सुरू होई. सहा जण धावता धावताच मागच्या पायरीवर चढून लोंबकळत. त्यांच्याकडून बबन भाडं घेत नसे. तसं कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जीपची बॅटरी बसली, तेव्हापासून हे चालत आलं होतं. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर सगळे त्यांना धक्क्याची माणसं म्हणत.

या सहांचा म्होरक्या कान्हा. बबनच्या गावाला लागून डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची वाडी आहे, तिथला. अंबरनाथ एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत तो गोणी वाहायला जाई. कामावर लागून बरीच वर्षं झाली होती, पण कायम नव्हता. एक्याण्णव सालच्या पावसाळ्याआधी कंपनीत बोलणं सुरू झालं की या दिवाळीला काही जणांना पर्मनंट करणार. गेटवरचे टाइमकीपर धर्मराज साहेब उल्हासनगरचे. माणूस मोजकं बोलणारा. त्यांनी कान्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं नाव मी पुढे केलंय. पण आठचा भोंगा झाला की गेट बंद, हे तुला माहीत आहे. दसऱ्यापर्यंत तू बाहेर राहिलास असं व्हायला नको. एखाद्या वेळेचं मी सांभाळीन. त्यापुढे माझं चालणार नाही."

"नाय राहनार साहेब," कान्हा म्हणाला.

आणि त्याला तसा भरवसाही होता. एसटी उशिरा यायची, पायी जायचं तर भल्या पहाटे निघावं लागे. पण बबनची जीप आठच्या आत एमआयडीसीत पोचवायचीच. त्याला कारणही तसंच होतं. एकदा चालू झालेलं इंजिन बबन दिवसभर बंद करत नसे. बंद केलं तर पुन्हा धक्का कोण देणार? मांजर्लीच्या थांब्यावर, बदलापूरच्या रेल्वे फाटकात, सगळीकडे जीप धडधडत उभी. आणि उभ्या गाडीत डिझेल जळतंय म्हटल्यावर बबनचा जीव खालीवर होई. "चला, चला, बसा पटकन! तुमच्या बापानं डिझेलची विहीर खनलीय काय?" असं ओरडत तो अर्धी रिकामी जीपसुद्धा पुढे काढी.

श्रावणात एका सकाळी चढावरच्या चिखलात पदूचा पाय घसरला. पदू हा सहांपैकीच एक, कान्हाच्या बायकोचा, चंद्रीचा, धाकटा भाऊ. तो पडला आणि त्याच क्षणी बाकीच्यांचे खांदे सुटले. जीप हातभर मागे आली. चाक पदूच्या पावलावरून गेलं.

हाडं सांधली तरी पाऊल वाकडंच राहणार, असं डॉक्टरनं सांगितलं. बबन दवाखान्यात दोनदा येऊन गेला, येताना केळी घेऊन आला. औषधाचंही त्यानंच बघितलं. वाडीतले म्हणाले, शेट चांगला आहे. चंद्री मात्र नवऱ्याला म्हणाली, "आज त्याचा पाय गेला, उद्या तुजा जाईल. मंग तुज्या त्या पर्मनंटला काय, चाटायचा?"

कान्हा दुसऱ्या दिवशी उरलेल्या चौघांना घेऊन बबनच्या अंगणात गेला. कोणी जीपला हात लावला नाही.

"काय रं? उभं काय राहिलाव?" बबन स्टीअरिंगवरून ओरडला.

"शेट, नवी बॅटरी घाला."

"घालू की. दिवाळीला घालू."

"आज बोला. नायतर उद्यापास्नं धक्का नाय."

बबन खाली उतरला. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. गेली दोन वर्षं जो तो त्याला हेच सांगत होता, पण धक्का थांबवून कोणी सांगितलं नव्हतं. तो हसला. "आयला, कान्हा, तू तर युनियनवाला झालास! बरं बाबा, घालतो. पन मला खेपा सोडून उल्हासनगरला जायला वेळ नाय. तुजी शुक्रवारची सुट्टी ना? तूच आन. बरी बघून आन."

पाचही जणांना त्या दिवशी आपण काहीतरी जिंकलं असं वाटलं. मागच्या पायरीवर लोंबकळत ते अंबरनाथपर्यंत मोठमोठ्यानं बोलत गेले.

शुक्रवारी कान्हा उल्हासनगरात टेकचंदच्या दुकानी गेला. जुन्या बॅटऱ्यांचा ढीग, आंबूस वास, आणि मधोमध स्टुलावर टेकचंद चहा पीत बसलेला. कान्हानं बबननं उधारीसाठी दिलेली चिठ्ठी दाखवली.

"दोन तऱ्हेचा माल आहे भाऊ," टेकचंदनं सरळ सांगितलं. "हा डबा नवा, अंदर की प्लेट पुरानी, धुवून भरलेली. सस्ता पडेगा. हिवाळ्यापर्यंत चालेल, पुढे झुलेलाल जाने. आणि हा कंपनीचा, सीलबंद, गॅरंटीवाला. तुझ्या शेटनं काय सांगितलं?"

"बरी बघून आन म्हनला."

"ते तर सगळेच म्हणतात. गाडी तूच चालवतोस?"

"नाय. मी धक्का मारतो."

टेकचंदनं कप खाली ठेवला. "धक्का मारतोस? मग तू कशाला नवीन घेतोस, येडा आहेस काय? ज्याच्याकडे धक्का मारायला माणसं, त्याला सस्ता माल पण चालतो. और जिसकी बैटरी पक्की, उसको आदमी काहे को चाहिए?"

कान्हाला तो थट्टा करतोय असं वाटलं. त्याच्या डोळ्यांसमोर पदूचं पाऊल होतं. "गॅरंटीवाली द्या," तो म्हणाला. एवढ्यावर न थांबता त्यानं टेकचंदकडून झाकणं उघडून कशी बघायची, पाणी कुठवर भरायचं, तारांवर जमणारी पांढरी भुकटी कशी काढायची, सगळं विचारून घेतलं. मग बॅटरी डोक्यावर चुंबळीवर घेऊन, ॲसिड सांडू नये म्हणून मान ताठ धरून, तो घरी आणेपर्यंत संध्याकाळ झाली.

शनिवारी बबननं चावी फिरवली आणि जीप अंगणातल्या अंगणात सुरू झाली. स्वतःच्या चाकांनी चढ चढून रस्त्यावर आली. पाच जण टाळ्या पिटत मागे धावले आणि पायरीवर चढले. बबननं भाडं मागितलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. मग एका सकाळी त्यानं कान्हाला पुढे बोलावलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट जरा अवघडलेपणच होतं.

"कान्हा, तूच सांग. आता धक्का नाय, तर मी फुकट कसा नेऊ? बाकीचं पाशिंजर बोलायला लागलंय. तुमच्या पाच जनांची जागा गेली तर माझं पाच भाडं जातं."

"शेट, दोन वर्सं..."

"दोन वर्सं नेलं ना मी? एक दिस सोडला का?"

यात खोटं काही नव्हतं. पाचांतल्या दोघांनी जीप सोडली आणि जवळच शेतावरची मजुरी धरली. कान्हा भाडं द्यायला लागला. पगारातून जाईल ते जाईल, दिवाळीनंतर पर्मनंट झालो की भरून निघेल, असा त्यानं विचार केला.

पण जीपही आता पहिली राहिली नव्हती. इंजिन बंद करता येतं आणि मनात येईल तेव्हा चालू करता येतं, या गोष्टीचं बबनला नवल संपेना. प्रत्येक थांब्यावर तो चावी फिरवून इंजिन बंद करी, खाली उतरे, तंबाखू मळे, ओळखीच्यांशी गप्पा मारी. डिझेल जळत नव्हतं, मग घाई कशाची? मांजर्लीला सगळी सीटं भरेपर्यंत जीप शांत उभी राही. आतले लोक कुरकुरले की म्हणे, "आरं, बसा की निवांत! घरातनं निघालीच हायत मानसं." मग सीटं भरली की चावी फिरवी, जीप एका दमात सुरू होई, आणि तो मागे वळून सगळ्यांकडे बघे.

भाद्रपदात कान्हा पहिल्यांदा बंद गेटाबाहेर राहिला. धर्मराज साहेबांनी ते सांभाळलं. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच झालं. या वेळी "आता पुन्हा नको," एवढंच ते गेटच्या जाळीतून म्हणाले.

त्यानंतर कान्हानं जीप सोडली. पहाटेच्या अंधारात चंद्री भाकरी बांधून देई आणि तो पायी निघे. वाटेत पाय भरून येत, दिवसभर गोणी वाहताना पोटऱ्या थरथरत, पण भोंग्याच्या आधी तो गेटच्या आत असे. दसरा जवळ आला होता.

तशात एका सकाळी बदलापूरच्या अलीकडे मागून हॉर्न वाजला. जीप त्याच्याजवळ येऊन थांबली. बबननं दार उघडलं.

"काय रं कान्हा, रागावलास काय? बस."

"नाय शेट. मला आठला पोचायचं हाय."

"साडेसात पन नाय झालं. थेट सोडतो. भाडं नको दिऊस, बस. माझ्या गाडीचा मानूस तू, असा पायी जाताना बघवत नाय मला."

आदल्या दिवशी कान्हाच्या टाचेत काटा मोडला होता. तो बसला.

मांजर्लीला बबनच्या ओळखीचा एक जण रस्त्यात आडवा आला. लग्नाच्या बोलणीला सगळं घर अंबरनाथला निघालं होतं, बायका साड्या नेसत होत्या, एवढी येतीलच. बबननं इंजिन बंद केलं.

"शेट, थेट बोललाव ना?" कान्हा म्हणाला.

"आरं, आख्खं घर हाय. आलीच बघ."

"मी उतरतो."

"उतरून काय उडत जाशील? त्यापरीस बस. आपली गाडी कुटं बंद पडतेय? चावी मारली की निघालीच."

कान्हा उतरला आणि धावत सुटला. टाच टेकवत नव्हती. फाटकात गाडी जायची होती, ते बंद होतं. एमआयडीसीच्या वळणावर असताना त्याला भोंगा ऐकू आला. तरीही तो गेटपर्यंत धावत गेला. धर्मराज साहेब आतल्या बाजूला उभे होते.

"साहेब, पायी निघालो व्हतो. वाटेत..."

"कान्हा," ते म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं." आणि ते आत गेले.

दिवाळीला पर्मनंट झालेल्यांत कान्हाचं नाव नव्हतं. काम कमी आहे म्हणून राहिलेल्या टेंपररी माणसांना महिनाअखेर यायला नको सांगितलं, त्यांत ते होतं.

पदू तोवर काठी घेऊन हिंडायला लागला होता. एका दुपारी तो कान्हाच्या पडवीत येऊन बसला. काठी भिंतीला टेकवून म्हणाला, "तुला कोनी सांगितलं व्हतं भावजी? माझा पाय तर गेलाच व्हता. बॅटरी कनाला आनलीस?"

कान्हा विळ्याला धार लावत होता. त्यानं दगडावर पाणी मारलं.

"आन् आनलीस ती पन गॅरंटीवाली!"

आतून चंद्री ओरडली, "पदू, गप बस."

पदू पुढे सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "आजून काय गेलं नाय. बबनशेट तुलाच सांगतो ना तिच्यात पानी घालायला? भांड्यात मीठ कालवून ने. दर भोकात घोट घोट वतलंस की मरंल ती. मंग सेल्फ मारून मारून येतोय बग आपल्या दारात, चला रं धक्क्याला म्हनत. आन् मंग तुजी जागा तुला. इंजिन बंद करायचं नाव घेनार नाय तो. सातच्या ठोक्याला निघंल, आठला गेटावर."

कान्हानं विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवून बघितला.

"येईल तो," तो म्हणाला. "पन आता मला आठला कुटं पोचायचंय?"

कान्हा विळा खांद्याला अडकवून उठला. भात पिकून पडायला आलं होतं आणि रस्त्याखालच्या शेतात बबनची कापणी सुरू झाली होती. जीप बांधाजवळ इंजिन बंद करून उभी होती. बबननं त्याला लांबून हात केला आणि मधली ओळ दाखवली. कान्हा खाली उतरून त्या ओळीला लागला.