आठाचा नऊ झालेला रुपया

मी एक जुना चांदीचा रुपया आहे, मित्रांनो. जुन्या वस्तूंनी आपली हकिकत शांतपणे सांगावी, अशी रीत आहे. मला ते साधेल की नाही, शंकाच आहे. मला राग आला आहे आणि या वयात राग नीट मांडताही येत नाही.

मुंबईच्या टांकसाळीत १९३८ साली माझा जन्म झाला. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी आणि तिच्या आत साल. वजन एक तोळा. दगडावर टाकलं की मी असा वाजायचो, की दुकानदार मान वर न करता मला गल्ल्यात टाकायचा. पुढे म्हसवडच्या साळूबाईंचे यजमान पलटणीत गेले, तेव्हा त्यांच्या पगारातून मी घरी आलो. यजमान मात्र परत आले नाहीत. साळूबाईंनी मला कधी मोडलं नाही. देवघरात सिद्धनाथाच्या टाकाशेजारी ठेवलं. दर दिवाळीला त्या मला चिंचेनं घासायच्या आणि पदरानं कोरडं करायच्या. घासून घासून राजाचं नाक सपाट झालं, पण मला कुणी खोटं म्हणालं नाही.

साळूबाई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी घरच्यांनी मला मोडीत घातलं. त्याचंही मला फार वाटलं नाही. वितळून एखाद्या बाळाचे वाळे झालो असतो. पण मोडीतून मला एका माणसानं उचललं. त्यानं मला चिमट्यात धरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बारीक टोच्यानं माझ्या सालातल्या आठाच्या खालच्या पोटाची डावी बाजू खरवडून काढली. आठाचा नऊ झाला. १९३९ सालचे रुपये फार थोडे सापडतात, म्हणून हौशी लोक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत देतात. खरवडलेली जागा चकाकत होती, तिला त्यानं औषध लावून काळपट केलं. तरीही ओरखडे दिसत होते. तेव्हा त्यानं सालावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं.

टोच्याचं दुःख मी विसरेन. ते कुंकू विसरणार नाही. साळूबाईंनी मला जन्मभर देवाजवळ ठेवलं, पण माझं साल कधी झाकलं नव्हतं.

मग माझा फोटो मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर गेला. ‘आजीच्या देवघरातला दुर्मीळ रुपया.’ तो मेढ्याजवळच्या गावातल्या नाथाजींनी पाहिला. नाथाजी सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी शालूबाई यांचे दोन्ही गुडघे झिजले होते आणि एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपुरते पैसे त्यांनी बाजूला ठेवले होते. त्या पैशांत हा रुपया घेऊन चढ्या भावानं विकला, तर दोन्ही गुडघे होतील, असा त्यांनी हिशेब केला. लोभ म्हणावा, तर तोही बायकोच्या पायांसाठी.

नाथाजी भोळे नव्हते. त्यांनी वजनाचा फोटो मागितला, चुंबक लावून दाखवायला सांगितलं. सगळं आलं.

“आता सालाचा जवळनं फोटो द्या की. कुंकू पुसून.”

“साहेब, आजीनं जायच्या आदल्या दिवशी लावलेलं कुंकू आहे. तेवढं पुसायला लावू नका.”

नाथाजींनी पलीकडून जीभ चावली. “न्हाई, न्हाई. ऱ्हाऊ द्या. चुकलं माजं.”

“आणि पैसे ॲपवर नको, थेट माझ्या खात्यावर पाठवा. दुसरं गिऱ्हाईक थांबवलंय तुमच्यासाठी.”

पैसे गेले आणि मी नाथाजींच्या घरी आलो. त्यांनी मला फरशीवर वाजवलं, काट्यावर ठेवलं, चुंबक लावलं. मी सगळीकडे खरा उतरलो, कारण माझी चांदी खरी होती. माझ्या खरेपणाची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

विकण्याआधी कुणा जाणत्याला दाखवावं, म्हणून दोघं सांगलीला, विश्रामबागेत धन्यकुमार सरांकडे आले. सर निवृत्त शिक्षक, चाळीस वर्षं नाणी जमवणारे. शालूबाई तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या.

सरांनी मला हातात घेतलं. “सुभेदार, हे कुंकू पुसावं लागेल बघा.”

“ते सोडून बोला, सर. म्हातारीच्या हातचं हाय ते.”

“कुठल्या म्हातारीच्या?”

शालूबाईंनी हात पुढं केला. “आना हिकडं. देवाचं कुंकू कुनी साल झाकाया लावत न्हाई.” आणि त्यांनी मला पदरानं पुसलं.

सरांनी भिंग लावलं. शेजारी आपल्याकडचा १९३८ चा रुपया ठेवला. मग भिंग नाथाजींच्या हातात दिलं.

“दोन्ही अंक बघा. वळण तेच आहे, फक्त याचं पोट कापलंय. इथली जमीन, म्हणजे अंकामागची सपाट जागा, खाली गेलीय, ओरखडे दिसतात का?”

“वजन तर बरूबर हाय.”

“वजन कुठं बदललंय? एक अंक बदललाय. म्हणून तर साल कुंकवानं झाकलं.”

नाथाजींनी तिथूनच फोन लावला. फोन बंद. जाहिरातही नाहीशी झाली होती. त्यांनी मला उचलून मुठीत धरलं आणि ते हळूच म्हणाले, “परत कुंकू लावतो. जसा आला तसा जाईल.”

सर खाली बघू लागले. शालूबाई बोलल्या, तेव्हा त्यांचा आवाज चढला नव्हता.

“आन घेनाऱ्याच्या घरी कुनाचं काय आजारपन आसंल, ते इचारनार हायसा का? दुसऱ्याच्या गुडघ्यावर मी चालायची न्हाई.”

“मग काय करू गं? तुजं पैसं मी घालवलं.”

“व्हय, घालवलं. आता चला साताऱ्याला, पोलिसात सांगू. लाज वाटली तर माज्या मागं उभं ऱ्हावा.”

दुसऱ्या दिवशी सातारच्या सायबर पोलिसांकडे तक्रार झाली. माणूस अजून सापडलेला नाही. एकाही गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली नाही. मी पोलिसांच्या एका लाखबंद पाकिटात आहे आणि इथे बसून मी चिडतो, दुसरं काही करता येत नाही.

मित्रांनो, चांदी खरी आहे म्हणून साल खरं मानू नका. जो माणूस नाणं जवळून पाहू देत नाही, घाई करतो, परत घ्यायला तयार नसतो, त्याच्या आजीची गोष्ट ऐकून गप्प बसू नका. आपल्या माणसांची माया लबाडाच्या हाती देऊ नका. आणि कधी काळी या पाकिटातून मी बाहेर आलो, कुणी मला तुमच्यासमोर धरून १९३९ सालचा म्हणालं, तर मला घेऊ नका. कितीही स्वस्त दिला तरी नको.