बांधावर काढलेला शर्ट

मी एक जुना, फुल बाह्यांचा शर्ट आहे. पुरुषाचा की बाईचा, ते मात्र विचारू नका. माझं मलाच कळत नाही.

मित्रांनो, शाहूपुरीतल्या शिंप्यानं मला आकारामसाठी शिवलं. निळ्या चौकड्यांचा होतो, इस्त्री केली की कडक दिसायचो. चार वर्षं त्याच्याबरोबर दुकानात कामाला गेलो. मग कॉलर विरली. वाटलं, झालं, आता पायपुसणं! पण त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, मला साडीवर चढवलं आणि भांगलायला, म्हणजे शेतातलं तण काढायला नेलं. गडमुडशिंगीच्या शिवारात बघतो तर काय, चिमणाबाईच्या टोळीतल्या झाडून साऱ्या बायका नवऱ्यांच्या शर्टात! मी चक्रावलोच. आम्ही ऊन अडवायला आहोत, हे उमगायला मला दोन दिवस लागले. मग जरा बरं वाटलं.

एक कोडं मात्र सुटेना. पाचला काम सुटलं की बायका बांधावर शर्ट काढायच्या आणि पिशवीत कोंबायच्या. नवऱ्याचा शर्ट घालून थोरामोठ्यांपुढून जायची म्हणे लाज वाटते. दिवसभर न वाटणारी लाज पाच वाजता कुठून येते, देव जाणे. गाव मावळतीला, वाट अर्ध्या तासाची. पिशवीच्या तोंडातून मला दिसायचं, ऊन थेट तानाबाईच्या अंगावर येतंय. मी म्हणायचो, असेल बुवा, संध्याकाळचं ऊन चालत असेल.

चैत्रात तिच्या हातांवर आणि गळ्यावर लाल पुरळ उठलं. नुसती आग आग व्हायची. टोळीत कुजबुज सुरू झाली की हे लागट आहे, एकीचं दुसरीला होतं. एक दिवस चिमणाबाईनं सांगून टाकलं, पुरळ जाईस्तोवर येऊ नकोस, तुझ्या हातचं पाणी बायका पीत नाहीत. बारा वर्षं तानाबाई त्या बायकांच्या ओळीत बसत होती. घरी येऊन मला मांडीवर घेऊन ती रडली. मलाही फार वाईट वाटलं.

आकाराम म्हणाला, शर्टच बाधला असणार. घ्या! दिवसभर उन्हाला आडवा मी, आणि गुन्हेगारही मीच? पण ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं, खरंच बाधलो असेन का? शेवटी मला पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंपुढे नेलं.

त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, हा काढता कधी? तानाबाईनं खरं ते सांगितलं.

"मग ते ऊन नव्हे का?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला उन्हाची ॲलर्जी आहे. तुमच्या कातडीला कलतं ऊनसुद्धा सोसत नाही. दिवस बुडेपर्यंत शर्ट काढायचा नाही. आणि हे कुणाला लागत नाही."

"आणि गावातनं असंच जायचं व्हय?"

बाईंनी पुरळावर लावायला मलम तेवढं दिलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तानाबाई मला घालून, चौक टाळून मागच्या वाटेनं बांधावर गेली. गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिनं सगळ्यांना सांगितलं. बायका ऐकत ऐकत शर्ट काढत राहिल्या. मग ती एकटीच गावाकडे निघाली. चौकात आण्णा, बाळासो, सगळी थोरली माणसं पारावर बसलेली असणार, आणि मी आकारामचा हे गावाला ठाऊक!

मागून भराभर पावलं आली. चिमणाबाई होती. तिनं काखेतला शर्ट झटकला, अंगात घातला आणि तानाबाईपुढे हात केला.

"पाणी दे की तुझं. घसा वाळलाय."

तानाबाईनं बाटली दिली. चिमणाबाई घटाघटा प्यायली. मग दोघी चौकातून गेल्या. पारावरची माणसं बघत राहिली. हसावं की गप्प बसावं, हे त्यांनाही कळेना.

मित्रांनो, तुमची आई शेतातून अशी शर्ट घालून आली, तर तिला हसू नका. ऊन मी अडवीन. माणसांच्या नजरा अडवणं माझ्या सुताला जमत नाही.